दाजींनी जोडलेले पाईप

उमरग्याच्या त्या नव्या दवाखान्याच्या गेटात मी गाडी लावली, तेव्हा दाजी तिथं असतील हे मला माहीत नव्हतं. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून चहा पीत होते. मला पाहिलं तसे कप खाली ठेवून उठले, आणि भोवतीच्या माणसांना म्हणाले, "हे आमचं पाव्हणं. अक्काचं धाकटं भाऊ. तपासायला येणारं साहेब म्हणजे हेच की."

त्यांच्या तोंडावर एवढा आनंद होता की मला हसावंच लागलं.

माझं काम असं. इमारतीच्या छतात आग विझवणारे फवारे बसवतात. त्यांचे पाईप जोडून झाले की पाणी भरून दाबाची चाचणी घेतात. त्या चाचणीच्या आधी मी जातो. शिडीवर चढतो, बॅटरी मारतो, प्रत्येक सांधा डोळ्यांनी बघतो आणि बोटांनी चाचपतो. जिथं चूक असेल तिथं लाल खडूनं गोल करतो. दुरुस्ती दुसऱ्यांनी करायची. हल्ली लोखंडाऐवजी नारिंगी रंगाचा प्लास्टिकचा पाईप वापरतात. तो हलका असतो, गंजत नाही, सोल्युशन लावून चिकटवता येतो. पण त्याची नाटकंही खूप. त्याला ऊन चालत नाही, तेल चालत नाही, आवळून बांधलेलं चालत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचं गाव मुरुम, आणि अक्का दिली उमरग्यात. बारावीनंतर मी तिच्याच घरी राहून शिकलो. सुट्टीच्या दिवशी दाजींच्या मागं पाने आणि करवत घेऊन शेताशेतांतून हिंडायचो. विहिरीपासून बांधापर्यंत पाईपलाइन टाकायची तर त्या भागात दाजींनाच बोलवायचे. त्यांनी टाकलेली लाइन गळत नाही असं लोक म्हणायचे, आणि ते खरं होतं. आटे कसे धरायचे, पाईप कापताना करवत कशी सरळ ठेवायची, हे मला त्यांनीच शिकवलं.

आणि आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याचा मान मोठा. दाजी मुरुमला आले की माझे वडील खुर्ची सोडून उठायचे. तोवर मी कधी दाजींच्या पाया पडल्याशिवाय त्यांच्या घरातून निघालो नव्हतो.

हे काम सोलापूरच्या एका ठेकेदारानं घेतलं होतं. पाईप जोडायचं काम त्यानं दाजींना दिलं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाजूला जाऊन आमच्या लातूरच्या साहेबांना फोन लावला आणि काम नात्यातल्या माणसाचं आहे असं सांगितलं. साहेब म्हणाले, "आता गेलाच आहेस तर आज बघून खुणा करून ठेव. शेवटचा निर्णय मी येऊन घेईन. तुझ्यावर बोट यायला नको."

मी परत आलो तेव्हा ठेकेदार डॉक्टर मॅडमना सांगत होता, "घरचंच निघालं की सगळं. दुपारच्या जेवणाआधी उरकेल बघा."

दवाखाना त्या मॅडमचा होता. पन्नाशीच्या, लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाजींकडं पाहिलं. तेवढ्यानंच माझी मान खाली गेली. अजून मी काही केलंही नव्हतं.

आम्ही वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. मॅडम, ठेकेदार, दाजींची दोन माणसं, आणि दाजी. दाजींनी अंगात स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, डोक्यावर टोपी. तपासणीचा दिवस म्हणून अक्कानं काढून दिला असणार. मी शिडी लावली तशी त्यांचा एक माणूस धरायला पुढं झाला. दाजींनी त्याला हातानं बाजूला केलं.

"म्या धरतो. फरशी गुळगुळीत हाय, पडाल पाव्हणं."

मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. मी वर चढलो. चौथ्या-पाचव्या पायरीवर गेलो तेव्हा माझे बूट त्यांच्या कपाळाच्या बरोबरीला आले, आणि आणखी वर गेलो तेव्हा टोपीच्या वर. ज्या माणसाच्या पायावर मी डोकं ठेवत आलो, त्याच्या डोक्यावर माझे पाय. मी बॅटरी लावली आणि छताकडं बघितलं, कारण खाली बघवत नव्हतं.

पहिल्यांदा दिसले ते क्लॅम्प. पाईप छताला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या करकचून आवळल्या होत्या. शेतात पाईप असाच घट्ट धरतात, नाहीतर पंप सुरू झाला की उड्या मारतो. पण हा पाईप उन्हाळ्यात लांबतो, थंडीत आखडतो, त्याला थोडं सरकायला जागा लागते. पट्टीची धार पाईपात रुतली होती. मी खडूनं गोल केला.

"काय झालं पाव्हणं?" खालून दाजी.

"पट्टी जरा सैल पाहिजे दाजी."

"सैल व्हय? करतो की. बारकं काम हाय."

पुढच्या सांध्यावर सोल्युशनचे थेंब ओघळून सुकले होते. बाहेर एवढं ओघळलं तर आतही साचलं असणार, आणि आत साचलं की पाण्याची वाट अरुंद होते. मी गोल केला. त्याच्या पुढचा सांधा नीट आत गेलाच नव्हता. वैशाखाचं ऊन, पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं गरम, सोल्युशन लावून पाईप आत ढकलेपर्यंत ते सुकून जात असणार. मी गोल केला. प्रत्येक गोलाबरोबर खडूचा चुरा खाली पडत होता. एकदा नजर गेली तर दाजींच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर लाल भुकटी सांडली होती. त्यांनी ती झटकली नाही. दोन्ही हातांनी शिडी धरली होती.

तिसऱ्या मजल्यावर मी एका सांध्यापाशी थांबलो. जिथं प्लास्टिकच्या पाईपाला पितळी आट्यांचा तुकडा जोडतात, तिथं दाजींनी सुतळी गुंडाळून वरून सफेदा, म्हणजे तो पांढरा तेलकट लेप, लावला होता. आमच्याकडचे सगळे प्लंबर असंच करतात. सुतळी आणि सफेदा लावला की आटे जन्मात गळत नाहीत. पण सफेद्यात तेल असतं, आणि ते तेल या पाईपाला आतून खातं. मी बॅटरी तिरपी धरली. सफेद्याच्या कडेनं प्लास्टिकवर केसासारख्या बारीक चिरा पडायला लागल्या होत्या, सुकलेल्या तळ्यात पडतात तशा.

"सगळीकडं सफेदाच लावलाय का दाजी?"

"मग काय तर. एक बी आटा कोरडा न्हाय ठिवला. सुतळी बी चांगल्यातली आणली." त्यांच्या आवाजात अजून अभिमान होता. त्यांना वाटलं मी कौतुक करतोय.

मी गोल करत गेलो. आता त्यांच्या लक्षात यायला लागलं. पुढच्या दोन खोल्यांत ते काही विचारेनात. शिडी उचलायची, पुढं मांडायची, धरायची, एवढंच.

दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात तान्ह्या मुलांचा कक्ष होणार होता. भिंतींना फिका निळा रंग लागला होता, पाळण्यासारख्या पेट्या अजून खोक्यांतच होत्या. मी शिडीवर चढून एक टी चाचपली. टी म्हणजे जिथून एका पाईपाला दोन फाटे फुटतात तो सांधा. तो माझ्या हातात फिरला. सहज, बाटलीचं झाकण फिरावं तसा. मी दोन बोटांनी ओढला तर पाईप बाहेर आला. कोरडा होता. त्याला सोल्युशन लावलेलंच नव्हतं.

दाजींच्या माणसांपैकी एकानं दुसऱ्याकडं बघितलं.

"ही कुणी जोडली?" ठेकेदारानं विचारलं.

"म्याच," दाजी म्हणाले. "त्या दिवशी लाइट गेली हुती. मापाला लावून ठिवला, म्हणलं लाइट आली की चिकटवू. मग ऱ्हायला."

मी खाली उतरलो. मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "काय परिस्थिती आहे?"

मी बोलायला लागलो आणि माझ्या तोंडून सगळं इंग्रजीच निघालं. क्युअरिंग, कॉम्पॅटिबिलिटी, स्ट्रेस, इन्सर्शन. रोजच्या कामातले शब्द, पण आज ते मी मुद्दाम वापरत होतो. दाजींना कळू नये म्हणून. मॅडमना कळेल, ठेकेदाराला कळेल, आणि दाजींची लाज राहील असं काहीतरी डोक्यात होतं.

दाजी म्हणाले, "मराठीत सांगा की पाव्हणं. माझ्याच कामाचं हाय ना."

ते चिडून बोलले नव्हते. मी त्यांच्याकडं न बघता मराठीत सांगितलं. सांधे नीट बसले नाहीत. पट्ट्या आवळल्यात. सफेद्यानं पाईप तडकायला लागलेत. हा सांधा तर चिकटवलेलाच नाही. पाणी भरून दाब दिला तर आजच सुटेल, आणि आज नाही सुटला तर ज्या दिवशी आग लागेल त्या दिवशी सुटेल.

"म्हणजे या खोलीत पाणी आलं नसतं," मॅडम म्हणाल्या.

"आलं असतं, पण जिथं पाहिजे तिथं नाही."

मॅडम दाजींकडं वळल्या. "मिस्त्री काका, मी इथं दिवस न भरलेली लेकरं ठेवणार आहे. त्यांना उचलून पळायला माणसं कमी पडतात."

दाजींनी टोपी काढून हातात घेतली. त्यांचे केस एवढे पांढरे झालेत हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

ठेकेदारानं मग तोंड सोडलं. शेतात पाईप पुरणाऱ्याला छताचं काम दिलं ही आपलीच चूक झाली, उद्या सोलापूरहून माणसं आणतो, हे सगळं यांच्या डोळ्यांदेखत फेकून देतो, असं बरंच काही. दाजींची माणसं ऐकत होती. मीही ऐकत होतो. त्यानंच दाजींना काम देताना एक शब्द शिकवला नव्हता, हे म्हणायचं माझ्या जिभेवर आलं. पण मी बोललो तर मेहुणा बोलला असं होणार. मी बॅटरीचं बटण चालू-बंद करत उभा राहिलो.

"दुसऱ्याचा हात लावू नका," दाजी मॅडमना म्हणाले. "माझं म्याच काढतो. साहेब दावतील तसं नव्यानं जोडतो."

पाव्हणं नाही, साहेब म्हणाले. मला वाटलं ठेकेदारासमोर म्हणून. पण जिना उतरताना आम्ही दोघंच होतो, तेव्हाही त्यांनी "सावकाश साहेब, कठडा न्हाय" असंच म्हटलं.

मॅडमनी विचार करून होकार दिला. अट एवढीच की आधी पद्धत शिकायची, मग हात लावायचा, आणि तपासायला लातूरच्या साहेबांनी स्वतः यायचं. मलाही तेच बरं वाटलं.

संध्याकाळी मी परस्पर निघणार होतो. दाजींनी गाडीच्या हँडलवर हात ठेवला. "घरी चला. अक्कानं धपाटे केल्यात. न्हाय आलात तर तिला काय सांगू?"

अक्का दारातच उभी होती. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दाजींकडं बघून म्हणाली, "शर्टाला लाल काय लागलंय हो?"

"खडू," दाजी म्हणाले आणि हातपाय धुवायला मागं गेले.

अक्काला माझ्या खडूचं माहीत होतं. तिच्याच घरी मी कितीदा कामाच्या गोष्टी सांगितल्या होत्या, कुठं किती गोल काढले, कुठला मिस्त्री कसा रडकुंडीला आला. ती हसायची तेव्हा. आता तिनं शर्टाच्या रंगाकडं पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं, आणि आत निघून गेली.

जेवताना दाजींनी मला आग्रह केला, रोजच्यासारखाच. दही वाढ म्हणाले, शेंगाची चटणी दे म्हणाले. धपाट्याचा घास माझ्या तोंडात फिरत राहिला. ते मात्र एवढंसं खाऊन उठले, आणि शेजारच्याकडं काम आहे म्हणून बाहेर गेले. शेजारच्याकडं काही काम नव्हतं. खिडकीतून दिसत होतं, ते रस्त्याच्या कडेला नुसते उभे होते.

अक्का माझ्यासमोर बसली.

"लई चुका हुत्या का?"

"व्हय."

"खऱ्या?"

"खऱ्याच गं अक्का. माणसं मेली असती."

ती पदराशी चाळा करत राहिली. "मग तू सांगितलंस ते बरं केलंस. पण त्यांच्या माणसांपुढं सांगावं लागलं का? आधी एकट्याला सांगता आलं नसतं?"

मी म्हणालो, मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, मी काय करणार. ते खरंच होतं. पण तिला ते खरं उपयोगाचं नव्हतं, आणि मलाही नव्हतं. ती म्हणाली, "घरात येऊन चुलीपुढं बसून मला एकदा म्हणलं हुतं त्यांनी, आपला पाव्हणा तपासायला आला पायजे कधी, म्हणजे त्याला दाखवू आपलं काम." मग ती भांडी गोळा करायला लागली. मी उठून हात धुतला. त्या दिवशी निघताना मी दाजींच्या पाया पडायला वाकलो तर ते एक पाऊल मागं सरले. "राहू द्या," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी पद्धत दाखवायला गेलो. दवाखान्याच्या तळमजल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून सगळे बसले. दाजी पुढं, पालथ्या डब्यावर. मी पाईप कापून दाखवला, कडेची कुसळं घासून काढली, सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावलं, पाईप आत ढकलताना थोडा फिरवला आणि धरून ठेवला. मग दाजींनी आधी जोडलेला एक सांधा मधोमध उभा चिरला. आत सोल्युशनचा गोळा झाला होता, अर्धी वाट बंद. दाजींनी ती फाक हातात घेतली, बोट आत घालून बघितलं आणि मागं बसलेल्यांकडं दिली.

"जास्त लावलं की मजबूत, असं आमाला वाटायचं," ते म्हणाले.

"शेतात तसंच असतं दाजी."

"शेतातलं रोज दिसतं. गळलं की चिखल हुतो, लगेच कळतं. हे छतात कोण बघतंय."

ते विचारत राहिले. उन्हात कसं करायचं, सकाळी लवकर जोडायचं का, सुकायला किती वेळ सोडायचं, सफेद्याऐवजी पांढरी टेप पुरते का. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी साहेब म्हणायचे. मी उत्तरं देत होतो आणि माझे कान तापले होते. ज्यानं मला पाना धरायला शिकवलं त्याला मी पालथ्या डब्यावर बसवून शिकवत होतो, आणि तो माझं सगळं लक्ष देऊन ऐकत होता. तो ऐकत नसता, वाद घालत असता, तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी सगळे पाईप उतरवले. एकही जुना सांधा ठेवला नाही, मी ठीक म्हटलेलेसुद्धा काढले. जोडणी पहाटे गारव्यात करायची, उन्हं वर आली की थांबायचं, असा नेम धरला. हे मला अक्कानं फोनवर सांगितलं. दाजींनी फोन केला नाही.

चाचणीच्या दिवशी साहेब लातूरहून आले. मी मुद्दाम खालीच थांबलो. पाईपांत पाणी भरलं, शेवटच्या टोकातून हवा काढून टाकली आणि पंपानं दाब चढवला. मग दोन तास काट्याकडं बघत बसायचं असतं. ठेकेदार काट्यापाशी बसला. दाजी तिथं नव्हते. मी वर जाऊन पाहिलं तर ते तान्ह्या मुलांच्या कक्षात भिंतीला टेकून उभे होते, मान वर करून, त्या टीकडं बघत. मी दारातूनच मागं फिरलो.

काटा हलला नाही. साहेबांनी सगळे मजले फिरून बघितले आणि मॅडमना म्हणाले की काम चांगलं आहे. ठेकेदार म्हणाला, आम्ही जातीनं लक्ष घातलं. दाजी तोवर आपले पाने पिशवीत भरत होते.

मी त्यांच्यापाशी गेलो. मला वाटलं आता संपलं, आता ते पहिल्यासारखं काहीतरी बोलतील. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, एक विचारायचं हुतं. मुरुमला असाच पाईप मागल्या वर्षी म्या टाकलाय. पोरींच्या वसतिगृहात. वरच्या मजल्यावर. तिथं बी सफेदाच हाय."

ते वसतिगृह मला माहीत होतं. ते चालवणारे सर माझे शाळेतले. हा मुलगा मोठ्या मोठ्या इमारती तपासतो असं ते गावभर सांगत असतात. मी पटकन म्हणालो, "मी सरांना फोन करतो दाजी. तुम्ही जायची गरज नाही."

"फोनवर चूक सांगत असत्यात व्हय?" ते म्हणाले.

माझ्याच गाडीवर आम्ही मुरुमला गेलो. बाजारातून जाताना ओळखीच्या लोकांनी हात केले, मीही हात केला, आणि मनात येत होतं की सर घरी नसले तर बरं. एका गावात आपण हुशार म्हणून ओळखले जातो आणि त्याच गावात आपल्या माणसाची चूक सांगायला जायचं, ही गोष्ट मी टाळायला बघत होतो. ज्याची चूक होती तो मागं शांत बसला होता.

सर अंगणातच होते. मला बघून त्यांनी बायकोला हाक मारली, कोण आलंय बघ म्हणाले. दाजी गाडीवरून उतरून थेट त्यांच्यासमोर गेले.

"सर, वरच्या मजल्याचं माझं काम चुकलंय. आटे सफेद्यानं बांधल्यात, त्यानं पाईप फुटतो. मला म्हाईत नव्हतं. आता कळलंय."

सर माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. एवढ्या वाटेत मी किती वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही लागलं नाही.

आम्ही वर गेलो. पोरी कॉलेजला गेल्या होत्या, खाटांवर चादरी नीट घडी घालून ठेवलेल्या. दाजींनी खालचा व्हॉल्व बंद केला, पाईपातलं पाणी बादलीत सोडलं आणि शिडीवर चढून पहिला आटा पान्यानं धरला. फार जोर लावला नाही. प्लास्टिक कडेनं तुटलं आणि तुकडा त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी तो खाली सरांकडं दिला.

सरांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "वर्षभर इथं पोरी झोपतायत," ते म्हणाले. "तुम्हाला चांगला कारागीर म्हणून बोलावलं होतं मी."

"व्हय," दाजी म्हणाले.

"आणि तू रे? तुला दाखवून घ्यावं असं मला सुचलं नाही, तुला तरी सुचायचं."

मला त्या कामाची खबरही नव्हती. तसं सांगता आलं असतं. पण दाजी शिडीवर उभे होते आणि मी खबर नव्हती म्हटलं असतं तर सगळं त्यांच्या एकट्यावर गेलं असतं. मी म्हणालो, "सुचायला पाहिजे होतं सर." दाजींनी वरून माझ्याकडं पाहिलं, आणि परत पाईपाकडं वळले.

त्या दुपारी पोरींच्या खाटा, गाद्या आणि पेट्या आम्ही खालच्या हॉलमध्ये आणल्या. सरांनी वरच्या मजल्याला कुलूप लावलं. पाईप बदलून चाचणी होईपर्यंत ते उघडायचं नाही असं ठरलं. सरांच्या बायकोनं चहा केला. सरांनी स्वतःचा कप घेतला आणि आत निघून गेले. ते आमच्याबरोबर बसले नाहीत. दाजींनी चहा संपवला, कप विसळून ओट्यावर पालथा घातला.

ते काम त्यांनी सलग लागून पूर्ण केलं. चाचणीला साहेबांनी आमच्यातला दुसरा माणूस पाठवला. सगळं नीट झालं, असं मला त्याच्याकडून कळलं. सर अजून भेटले की बोलतात, पण मी कुठल्या इमारती तपासल्या हे आता विचारत नाहीत.

दाजींना आता उमरग्यात आणि आसपास छताच्या पाईपांची बरीच कामं मिळतात. त्या भागातली तपासणी आली की मी साहेबांना दुसऱ्याला पाठवा म्हणतो, आणि ते कारण विचारत नाहीत. अक्काकडं जाणं होतं, सणाला, कधी जाता-येता. दाजी चांगलं बोलतात. पिकाचं, पावसाचं, पोरांच्या परीक्षेचं. पाईपांचा विषय दोघंही काढत नाही. मध्यंतरी एकदा मी जेवायला बसलो होतो तेव्हा त्यांचा एक माणूस दारात आला आणि कुठल्यातरी सांध्याबद्दल विचारायला लागला. दाजी ताटावरून उठले, त्याला घेऊन रस्त्यावर गेले, आणि माझ्या कानावर पडणार नाही एवढ्या लांब उभं राहून त्याला समजावून सांगू लागले. अक्कानं माझ्या ताटात भाकरी वाढली. मी खाली मान घालून जेवत राहिलो.